सार फुटतं, रस्सा गुलाबी होतो, डाळ टणक राहते: टोमॅटोच्या नेहमीच्या तक्रारी

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. ‘मावशी, सार परत फुटलं गं.’ पाहुणे यायची वेळ झाली होती, मसालेभात तयार होता आणि सारावर नारळाच्या दुधाचे कण तरंगत होते. मी तिला नारळाबद्दल काही विचारलं नाही, टोमॅटोबद्दल विचारलं. कधी आणलेस, कुठे ठेवलेस, चिरताना कसे होते? काल संध्याकाळी आणले, धुऊन लगेच फ्रीजमध्ये टाकले, चिरताना मस्त कडक होते. ‘मस्त कडक’ हे तिने कौतुकाने सांगितलं. निम्मं उत्तर तिथेच होतं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. टोमॅटो वावरात पूर्ण पिकू देत नाहीत, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. बुडाशी जरा लाली दिसली की तोडायचा, २० किलोच्या क्रेटमध्ये भरायचा आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात न्यायचा. तिथून माल पार दिल्लीपर्यंत जातो. पिकलेला भरला तर वाटेतच त्याचा लगदा होईल. यात शेतकऱ्याचं काही चुकत नाही, कारण तोडल्यावरही टोमॅटो पिकत राहतो. आंबाही तसाच. पण आंब्याला आपण हौसेने अढी लावतो, रोज एकदा चाचपून बघतो, आणि टोमॅटो मात्र पिशवीतून निघाला की थेट फ्रीजमध्ये किंवा थेट विळीवर.

माझं म्हणणं एवढंच आहे की टोमॅटोच्या पदार्थांच्या नेहमीच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी अर्धकच्चा टोमॅटो शिजवल्यामुळे होतात. सगळ्या नाही, काहींची कारणं वेगळी आहेत, त्याही खाली सांगते. पण कृती बदलण्याआधी, मसाल्याचा ब्रँड बदलण्याआधी, एकदा टोमॅटोला तीन-चार दिवस द्या.

आधी पिकू द्या

टोपलीत किंवा परातीत एकाच थरात, देठाची बाजू खाली करून ठेवा. देठाच्या खळगीतून ओलावा जातो आणि बुरशीही तिथूनच शिरते, म्हणून ती बाजू खाली. एकमेकांवर रचू नका. उन्हात ठेवायची गरज नाही. पिकायला ऊब लागते, ऊन नाही. २० ते २५ अंशांच्या आसपास टोमॅटो सगळ्यात छान पिकतो, म्हणजे आपल्याकडच्या थंडीच्या दिवसांत ओट्याचा कोपरा अगदी योग्य. घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवा. केळ्यातून इथिलीन वायू निघतो आणि टोमॅटोला पिकण्याचा इशारा त्याच वायूकडून मिळतो. एखादा डागाळलेला निघाला तर त्याच दिवशी बाजूला काढा.

पिकला का, हे नुसत्या रंगावरून ठरवू नका. अंगठ्याने हलकं दाबलं की थोडा दबला पाहिजे आणि जवळ नेला की वास आला पाहिजे. वास नसेल तर आणखी एक दिवस थांबा.

आता फ्रीजबद्दल. साधारण १२-१३ अंशांच्या खाली टोमॅटोचं पिकणं मंदावतं, मग थांबतं. तो नुसता पडून राहतो आणि हळूहळू पिठूळ होतो. २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पिकलेले टोमॅटो ५ अंशांवर आठवडाभर ठेवून पाहिले. साखर आणि आंबटपणा जवळपास तसाच राहिला, पण वासाची द्रव्यं घटली आणि बाहेर काढून ठेवल्यावरही पुरती परतली नाहीत. टोमॅटोची चव म्हणून आपण जे ओळखतो त्यात या वासाचा वाटा फार मोठा आहे. म्हणून कच्चा टोमॅटो फ्रीजमध्ये कधीच नाही. पूर्ण पिकलेला आणि आज वापरणं जमणार नसेल, तर दोन-तीन दिवसांसाठी चालेल. वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.

उन्हाळ्यात मात्र वेगळं गणित आहे. नारायणगावकडचा उन्हाळी माल एप्रिल-मे महिन्यांत येतो तेव्हा बरेचदा नारिंगी-पिवळसर दिसतो आणि लोक म्हणतात, कच्चा दिलाय. तसं नसतं. तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, लायकोपीन, नीट तयार होत नाही. पिवळं-नारिंगी रंगद्रव्य मात्र होत राहतं. असा टोमॅटो ओट्यावर आठवडाभर ठेवला तरी लालबुंद होणार नाही. तो मऊ पडला की वापरायचा, रंगाची वाट बघायची नाही. विदर्भात घर तापतं तेव्हा माठाजवळच्या गारव्यात टोपली ठेवा, ओलसर फडकं टोपलीभोवती गुंडाळा, टोमॅटोला लागू देऊ नका.

सार फुटतं

आता भाचीच्या साराकडे. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब, आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारी थोडी प्रथिनं. आंबटपणा आणि उकळी एकत्र आले की ही प्रथिनं गोळा होतात, तेल सुटं होतं आणि आपण म्हणतो फुटलं. अर्धकच्च्या टोमॅटोत आंबटपणा जास्त आणि गोडी कमी, त्यामुळे फुटण्याची शक्यता वाढते. पिकलेल्या टोमॅटोने सार फुटणारच नाही असं नाही, पण मग तुमच्या हातात थोडी सवलत राहते.

अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, एक वाटी नारळाचं दाट दूध, सपाट चमचाभर तांदळाची पिठी, सुपारीएवढा गूळ. टोमॅटो शिजवून, गाळून, त्यात मीठ, गूळ आणि लागेल तेवढं पाणी घालून चांगली उकळी आणा. आंबटपणा इथेच चाखून जुळवायचा, दूध घातल्यावर नाही. मग गॅस बंद. वाफेचा जोर ओसरू द्या, पाच-सात मिनिटं. दाट दुधात तांदळाची पिठी गुठळी न राहता कालवा. आता दूध सारात ओतायचं नाही. आधी डावभर गरम सार दुधात घालून ढवळा, मग आणखी डावभर, आणि मग ते सगळं परत पातेल्यात. पुन्हा मंद आचेवर ठेवा आणि कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा. खळाखळा उकळी एकदाही येता कामा नये. पिठीतलं पिष्ट (स्टार्च) प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून ती हवी. एवढ्याशा पिठीने सार घट्ट होत नाही, चवही बदलत नाही. वरून साजूक तुपात जिरं, कढीपत्ता आणि हिरव्या मिरचीची फोडणी.

पाहुण्यांसमोर परत गरम करायची वेळ येणार असेल तर दूध न घालताच सार तयार ठेवा आणि पानं घेताना दूध घाला. फुटलेल्या साराबद्दल नेमानं फोन येतात त्यांतल्या निम्म्या वेळा सार पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा गरम करताना फुटलेलं असतं.

फुटलंच तर? कोमट झाल्यावर अर्धा चमचा तांदळाची पिठी घालून मिक्सरमधून फिरवा आणि अगदी मंद आचेवर गरम करा. पहिल्यासारखं रेशमी होणार नाही, वर थोडं तेल दिसेल, पण वाढण्यासारखं नक्की होतं. भाचीने त्या दिवशी हेच केलं.

डब्यातल्या किंवा टेट्रापॅकमधल्या नारळाच्या दुधाचं सार कमी फुटतं. त्यात बहुधा ते मिळून राहावं म्हणून गोंदासारखे पदार्थ घातलेले असतात. घरचं दूध ज्यांना काढता येतं त्यांनी ते सोडू नये, चवीत फरक आहे.

सारात कधीकधी एक वेगळीच तक्रार येते: तोंडात धातूची चव राहते. ही भांड्याची तक्रार आहे. हल्ली पितळी-तांब्याची भांडी पुन्हा हौसेने घेतली जातात, आणि दिसायला ती सुंदर आहेतच. पण पितळी पातेल्याची कल्हई गेली असेल तर त्यात सार, ताक, चिंचेचं काहीही कळकतं. आजीच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं. कल्हईवाल्याची हाक आली की भांडी बाहेर निघायची. आतून पिवळं किंवा तांबूस दिसत असेल तर त्या भांड्यात टोमॅटो अजिबात नको, आणि कळकलेलं सार गोड करून वाचवायचा प्रयत्नही नको, टाकून द्या. लोखंडी आणि बिडाच्या कढईत चटकन परतून काढलेलं चालतं, पण तासभर रटरटणारी ग्रेव्ही काळपट होते. ॲल्युमिनियमही तसंच. स्टील उत्तम.

रस्सा गुलाबी आणि आंबट होतो, मसाल्याला तेल सुटत नाही

ही एकच तक्रार आहे, तीन तोंडांनी सांगितली जाते. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. ते उडाल्याशिवाय तेल सुटणार नाही आणि तेल सुटल्याशिवाय कच्चा आंबट वास जाणार नाही. आपण घाईत चार फोडी टाकतो, झाकण ठेवतो, पाच मिनिटांनी मसाला घालतो. झाकणामुळे पाणी आतच फिरत राहतं.

कांदा पुरता लालसर झाल्यावर बारीक चिरलेला टोमॅटो घाला, त्याच वेळी मीठ. मिठाने टोमॅटो पाणी सोडून लवकर विरघळतो. झाकण नाही. मध्यम आचेवर परतत राहा. आधी सैल, मग थबथबीत, मग कढईच्या कडा सोडणारा गोळा, आणि मग कडेने तेल. अर्धा किलोला दहा-बारा मिनिटं तरी लागतात. कोरडे मसाले शेवटच्या दोन मिनिटांत, नाहीतर जळतात.

टोमॅटो अर्धकच्चा असेल तर एवढं करूनही रंग गुलाबीच राहतो, कारण लाल व्हायला आत रंगच पुरेसा नसतो. मग लोक काश्मिरी तिखट वाढवतात. रंग येतो, आंबटपणा तिथेच. गुळाचा खडा थोडी मदत करतो. चिमूटभर खाण्याचा सोडा आंबटपणा खरोखर मारतो, पण चिमटीपेक्षा कणभर जास्त झाला की रस्सा साबणासारखा लागतो, म्हणून मी तो फक्त अडचणीत वापरते. त्यापेक्षा टोमॅटोबरोबर गाजराचा तुकडा शिजवून वाटून घ्या. गोडी येते, रंगही येतो.

आणि बिया काढून टाकू नका. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात फळाच्या बाहेरच्या भिंतीपेक्षा ग्लुटामेट जास्त असतं, म्हणजे जिभेवर रेंगाळणारी जी रसरशीत चव असते ती बरीचशी तिथली. टीव्हीवर बघून तो गर काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे आली आहे, ती मला पटत नाही.

डाळ शिजत नाही, बटाटे कडक राहतात

इथे टोमॅटो कितीही पिकलेला असो, क्रमच चुकलेला असतो. भाजी आणि डाळ मऊ होते ती पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन सुटल्यामुळे, आणि आंबट पाण्यात ते सहजी सुटत नाही. कुकरमध्ये तुरीच्या डाळीबरोबर टोमॅटो घातला की काही दाणे गणंगासारखे टणक राहतात. मटकी, चवळी, राजमा यांचं तर विचारूच नका. डाळ आणि कडधान्य आधी एकटं शिजवा, टोमॅटो आमटीच्या फोडणीत. बटाट्याच्या रश्शात बटाट्यात सुरी सहज जाऊ लागली की मगच टोमॅटो. चिंच आणि आमसुलालाही हाच नियम.

याचा उलटा उपयोगही आहे. रश्शात बटाट्याच्या फोडी विरघळून जातात अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी टोमॅटो थोडा आधी घालावा.

कोशिंबिरीला पाणी सुटतं

मीठ आणि साखर पानं वाढताना घाला, दाण्याचं कूट त्याच्याही नंतर. दह्यातली कोशिंबीर असेल तर चिरलेल्या टोमॅटोला मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा, निथळलेलं पाणी आमटीत घाला. फेकू नका, सगळी चव त्यात उतरलेली असते. टोमॅटो ऑम्लेट तव्यावर फाटतं त्याचंही कारण हेच: बेसनात टोमॅटो, कांदा, मीठ कालवून दहा मिनिटं थांबा आणि मगच पाणी लागतं का ते बघा. बरेचदा लागत नाही.

सालं तोंडात येतात

लांबच्या प्रवासासाठी निवडलेल्या जातींची साल जाड असते, ती शिजवून विरघळत नाही. बुडाशी अधिकचं चिन्ह कापून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात. साल हाताने सुटते. मला त्याहून आवडते ती वऱ्हाडातली रीत. तिकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात, आणि भेदरं विस्तवावर साल करपेपर्यंत भाजून, सोलून, लसूण-मिरचीबरोबर रगडून चटणी करतात. गॅसवरच्या जाळीवरही जमतं.

चपटे, घड्या पडलेले, देठाशी हिरवट खांदे असलेले गावठी टोमॅटो कुठे दिसले तर मात्र त्या हिरव्या खांद्यांना बिचकू नका. सगळीकडून एकसारखा लाल होणारा टोमॅटो निवडता निवडता पैदासकारांकडून फळातल्या हरितद्रव्याचं एक जनुक निकामी झालेलं निवडलं गेलं, आणि त्याबरोबर साखरही घटली. २०१२ साली हे संशोधनातून स्पष्ट झालं. हिरवे खांदे म्हणजे ते जनुक शाबूत आहे. हे टोमॅटो सालीला पातळ, टिकायला नाजूक. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी न शिजवताच खावेत, मीठ-मिरपूड लावून.

साठवलेल्या प्युरीला पाणी सुटतं

ही तक्रार थांबावी असं मला फार वाटतं. २०२३च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभरीपार गेला होता तेव्हा सगळ्यांना तो आठवत होता. भाव पडतात तेव्हा आमच्याकडे क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतलेली मी पाहिली आहेत, आणि ते बघवत नाही. स्वस्ताईत पाच किलो घेऊन ठेवायला काहीच हरकत नसते. लोक घेतातही, पण न शिजवताच मिक्सरला फिरवून डब्यात भरतात. फ्रीझरमधून काढल्यावर खाली गर, वर पाणी, आणि मग पुन्हा कोणी त्या वाटेला जात नाही.

टोमॅटो वाटला की पेशी फुटतात आणि आतली विकरं (एन्झाइम्स) लगेच पेक्टिनचे तुकडे करू लागतात. पेक्टिन गेलं की गर पाणी धरून ठेवू शकत नाही. ही विकरं ८५-९० अंशांच्या वर निकामी होतात. म्हणून आधी उष्णता, मग वाटणं. कारखान्यातही दाट प्युरीसाठी हेच करतात.

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं तापवा. दोन-तीन टोमॅटो चिरून लगेच टाका, डावाने ठेचा, उकळी येऊ द्या. उकळी असतानाच पुढचे दोन-तीन चिरून टाका. सगळे आधी चिरून परातीत ठेवायचे नाहीत, कारण चिरल्या जागीच विकरांचं काम सुरू होतं. सगळे झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं उघडं उकळवा, गार करून फिरवा, गाळा. पाच किलोची प्युरी किती आटवायची ते फ्रीझरमधल्या जागेवर ठरवा. मी साधारण निम्मी करते.

बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरून ठेवा, म्हणजे आमटीला दोन, रश्शाला सहा असं काढता येतं. बाटलीत भरून कपाटात ठेवू नका. पिकलेल्या टोमॅटोचा आंबटपणा दर वेळी पुरेसा असेलच असं नाही, आणि आंबटपणा कमी पडला तर बंद बाटलीत घातक जंतू वाढू शकतात. आटवायला वेळच नसेल तर पिकलेले टोमॅटो धुऊन, पुसून, अख्खे फ्रीझरमध्ये टाका. काढल्यावर नळाखाली धरले की साल आपोआप निघते. कोशिंबिरीला ते उपयोगाचे नाहीत, सारासाठी मात्र तसेच गोठलेले पातेल्यात टाकले तरी चालतं.